सतरंजीवरची जागा: सोलापूरच्या भजनी मंडळांना आणि दिंडीचालकांना खुलं पत्र

रामकृष्णहरी.

सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या भजनी मंडळांचे अध्यक्ष, दिंडीचालक, विणेकरी, कीर्तनकार महाराज, देवळांचे पंच आणि उत्सव मंडळांचे कार्यकर्ते, आपणा सर्वांना नमस्कार. चर्चचे पाळक आणि मशिदी-दर्ग्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांनीही हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं, ही विनंती.

मी पूर्व भागात राहतो. चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, आता निवृत्त आहे. तीस वर्षांहून जास्त काळ भजनाला मृदंग वाजवतो आणि संध्याकाळी पोरांना शिकवतो. त्याचे पैसे घेत नाही. पत्राखाली नाव घालत नाही, कारण हे पत्र बायकी म्हणून चिडवल्या गेलेल्या माझ्या एका शिष्याबद्दल आहे, आणि माझ्या नावावरून तो मुलगा ओळखू येईल. मंडळाचंही नाव लिहीत नाही. आमच्या मंडळातली माणसं वाईट नाहीत, आणि जे आमच्याकडे झालं ते तुमच्याकडेही झालेलं असणार. छापण्याआधी हे पत्र मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्यानं दोन ओळी काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

तो बारा वर्षांचा असताना आमच्याकडे आला. आई विड्या वळायची, घरात तेलुगू बोलायचे, पण अभंगाचे उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावं. त्याला कान होता. म्हणून धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या पुडीला, कणिक लावायचं काम मी त्याच्याकडे दिलं. मृदंग वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे, हे काम कुणाच्याही हाती देता येत नाही. कणिक घट्ट झाली की आवाज बसतो, सैल झाली की ओघळते. तो मूठभर कणिक घ्यायचा, थेंबथेंब पाणी टाकत बोटांनीच मळायचा, डाव्या पुडीच्या मधोमध अंगठ्यानं थापायचा, मग तळव्याचा एक ठोका देऊन कान लावायचा. चिमूटभर काढायचा, पुन्हा ठोका. भजन संपलं की कणिक खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून, पुडी कोरडी करूनच घरी जायचा. नाहीतर रात्री उंदीर पुडी कुरतडतात. हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

चालणं-बोलणं मऊ होतं. हसू आलं की हात तोंडावर जायचा. एवढंच.

एका एकादशीला तो कणिक मळत बसला होता. आमच्यातले एक ज्येष्ठ टाळकरी म्हणाले, ‘‘काय बे, कणिक मळायला बरी पोरगी मिळाली तुम्हाला. आता पोळ्या पण लाटून घ्या हिच्याकडून.’’ सगळे हसले. मीही हसलो. मुलानं मान वर केली नाही. त्याचा अंगठा कणकेवर होता तसाच थांबला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच धूम बिघडली.

मोठ्यांनी एकदा म्हटलं, पोरांनी ते वर्षभर म्हटलं. ‘बायल्या’, ‘मीठा’, ‘छक्का’. टाळ द्यायचा तो हातात न देता जमिनीवर सरकवायचा. चप्पल लपवायची. त्याच्या चालीची नक्कल करत मागून चालायचं. मला सगळं दिसत होतं. पोरं आहेत, चालायचंच, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पोरांना परवानगी आमच्या हसण्यानं मिळाली होती, हे कळायला मला फार उशीर झाला.

मग २०१८ची आषाढी आली. तो सोळा वर्षांचा. आमची दिंडी तिऱ्हे, कामती करत मंगळवेढ्याला मुक्कामाला पोचली. एका हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या. रात्री लघवीला उठलो तर हा बाहेर, भांड्यांच्या टेम्पोला टेकून, डोक्यावरून चादर ओढून बसलेला. भुरभुर पाऊस होता. कुणीतरी त्याचं अंथरूण उचलून बाहेर ठेवलं होतं, ‘‘आमच्या पोरांजवळ हा झोपायला नको’’ म्हणून. मी म्हटलं, आत ये. तो म्हणाला, ‘‘नको गुरुजी, इथं बरंय.’’ आणि मी आत जाऊन झोपलो. या पत्रातलं हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

मंगळवेढा कुणाचं गाव, हे तुम्हाला मी सांगायला नको. चोखोबांचं गाव ते. जन्मभर ज्यांना देवळाच्या आत घेतलं नाही, ते मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना दरड कोसळून गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. आजही आपण महाद्वाराशी आधी चोखोबांच्या समाधीला हात जोडतो, मग नामदेव पायरीला, मग आत जातो. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. गणिकेची मुलगी म्हणून जिला गावानं एकाच नजरेनं पाहिलं, तिची जागा आज विठ्ठलाच्या राऊळातच आहे. अशा गावात, माऊली माऊली म्हणत दिवसभर एकमेकांच्या पाया पडून आलेल्या आम्ही एका पोराला पावसात बसवलं.

पंढरपूरहून परतल्यावर तो वर्गाला आला नाही.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७चा गुन्हा लागणार नाही. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेलं कलम ते. कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बातमी चालू होती, लोक फिदीफिदी हसत होते, आणि मला टेम्पोला टेकलेली ती चादर दिसत होती.

दिवाळीनंतर त्याची आई घरी आली. ‘‘पोराच्या अंगात बाई शिरलीय म्हणतात, कुणी जाणकार माहीत आहे का?’’ मी कुणाचा पत्ता दिला नाही, पण तिला थांबवलंही नाही. त्यांनी शोधला कुणीतरी. तीन अमावास्या मुलाला नेलं. लिंबाच्या डहाळीचा मार, मिरचीची धुरी. आपल्या राज्यात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्यात गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक झालं.

आणि डॉक्टरी इलाजाबद्दलही सांगून टाकतो, कारण पालक महाराजांकडे येतात तसे डॉक्टरांकडेही जातात. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच ते आजारांच्या यादीतून काढलं. मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. बरं करण्यासारखं तिथं काही नाहीच. जे दुखतं ते आपण दिलेलं असतं.

आता मी काही शास्त्री नाही. धर्मशास्त्राचा निवाडा मी करत नाही, आणि ख्रिस्ती किंवा मुसलमान बांधवांना त्यांच्या ग्रंथाचा अर्थ सांगायला तर मुळीच जाणार नाही. पण संडे स्कूलमध्ये एखाद्या पोराला रडवावं, नमाजाच्या रांगेत एखाद्याला कोपर मारून मागं ढकलावं, असं कुठल्याच ग्रंथात नसणार, एवढं मी खात्रीनं म्हणतो. माझ्यापुरतं बोलायचं तर मी ज्या पंथात वाढलो त्या पंथानं कमरेवर हात ठेवलेल्या देवाला विठाई म्हटलं, आई म्हटलं. ज्ञानोबारायांना माऊली म्हटलं. पुरुषाच्या ठिकाणी आई पाहायला आम्हाला कधी लाज वाटली नाही. भारुडात मिशीवाला गडी लुगडं नेसून उभा राहतो, तेव्हा सगळा मांडव टाळ्या वाजवतो. मग बारा वर्षांच्या पोराचा हात हसताना तोंडावर गेला तर आमचं काय बुडालं?

आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचंच बघा. संक्रांतीला आपण बाराबंदी घालून सातही नंदीध्वजांबरोबर चालतो, संमती कट्ट्यावर अक्षता टाकतो. कुणाचं लग्न असतं ते? कुंभाराच्या लेकीनं सिद्धरामेश्वर महाराजांशी लग्न करायचं म्हटलं, महाराज योगी, तेव्हा तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला. लाखभर माणूस त्या अक्षता डोक्यावर घेतं आणि कुणाच्या ओठावर हसू नसतं. मी यातून भलता अर्थ काढत नाहीये. एवढंच म्हणतोय की एका मुलीच्या मनातलं, कुठल्या चौकटीत न बसणारं प्रेम या गावानं कुचेष्टा न करता आठशे वर्षं सांभाळलं. गाव तेच आहे.

कानडी घरांतल्या वडीलधाऱ्यांना जेडर दासिमय्यांचं वचन आठवत असेल. विणकर शरण, म्हणजे शिवभक्त संत, ते. बाहेरून ओळखीच्या खुणा दिसल्या की लोक बाई म्हणतात, पुरुष म्हणतात, पण मध्ये जो आत्मा आहे तो बाईही नाही नि पुरुषही नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आपलं अर्धं गाव मागावर वाढलेलं, त्याला हे परकं वाटू नये.

‘‘आमच्यात कुठं आहे असं? तृतीयपंथीयांना तर आपण मान देतो,’’ असं मला एका पंचांनी ऐकवलं. खरंय, मंगळवारी-शुक्रवारी दारात देवीचा जग (देवीची टोपली) घेऊन आलेल्या, देवीला सोडलेल्या जोगत्याच्या पायावर आपण पाणी घालतो, ओटी भरतो. देवाचा म्हटला की पाया पडतो. घरचा निघाला की काठी घेतो. आणि त्या जोगत्याला तरी आपण जेवायच्या पंगतीत कुठं बसवतो? मान देऊन लांब ठेवणं हीसुद्धा लांब ठेवायचीच रीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क दिला. त्यांतल्या कुणाला जोगवा मागायचा असेल, कुणाला वीणा धरायची असेल, कुणाला नुसतं मागं बसून ऐकायचं असेल. ते त्यांना ठरवू द्या.

मुलींचं तर आपल्याला दिसतही नाही. केस बारीक ठेवणारी, शर्ट घालणारी, मैत्रिणीवर जीव असणारी पोरगी महिला मंडळातून हळूच गळते आणि वर्षभरात तिच्या लग्नाची पत्रिका येते. त्या लग्नात आपण जेवून येतो.

‘‘बघून बघून बाकीची पोरं बिघडतील,’’ ही भीती मी खूप ऐकली. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी शिकते. आमच्या उस्तादांच्या काळी डाव्या हाताला छडी बसायची आणि पोराचा हात कायमचा बिचकायचा. मी तिला मृदंग उलटा धरायला सांगितलं, शाई डावीकडं, धूम उजवीकडं. शेजारी बसणारी नऊ पोरं उजवीच राहिली. अभंगही तोच राहिला.

माझं मागणं मोठं नाही. लग्नाच्या कायद्याचं मी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये तो विषय संसदेकडे सोपवला, तो तिकडं ठरेल. मला सतरंजीवरची जागा पाहिजे.

कीर्तनकार महाराजांना हात जोडून सांगतो, सप्ताहात हशा पिकवायला बायकी चालीची नक्कल करणं सोडा. तुमच्या समोर दोन हजार माणूस बसतं, मोबाइलवर आणखी किती ऐकतं. त्या मांडवात कोपऱ्यात कुणीतरी चौदा वर्षांचा बसलेला असतो. त्याचे आई-बाप शेजारी हसत असतात. घरी जाऊन तो काय सांगणार त्यांना? व्यासपीठावरच्या जागेला आपण नारदांची गादी म्हणतो, त्या गादीवरून एखाद्या पोराचं तोंड बंद होऊ नये.

विणेकरी आणि अध्यक्ष यांनी चिडवणं तिथंच, सगळ्यांदेखत थांबवावं. नंतर बाजूला घेऊन समजावणं पुरत नाही. ज्याला चिडवलं त्याला समजलं पाहिजे की मोठ्या माणसांनी ऐकलं आणि त्यांना ते चाललं नाही. दिंडीत निघण्याआधी झोपायची, आंघोळीची, कपडे बदलायची व्यवस्था ठरवताना विचारा, कुणाला काही अडचण आहे का. ट्रान्सजेंडर मुलगी असेल तर तिला बायकांच्या राहुटीत जागा द्या, आणि कुणी कुरकुर केली तर ती तुम्ही ऐकून घ्या, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

आणखी एक, जे आपण कुणी बोलत नाही. अशी एकटी पडलेली, चिडवली जाणारी पोरं मुक्कामात वाईट माणसांच्या हाती सापडतात. नंतर त्यांनाच ऐकवतात, ‘‘तू तसाच, तुलाच पाहिजे असणार.’’ मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी बघत नाही, अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दिंडीच्या ओळखपत्रामागं छापा. मन फार खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आणि फुकट. छापायला चार आणे जास्त लागतील.

आणि कुणी पोर विश्वासानं मनातलं सांगेल, तर ते घरी कळवायला धावू नका. ‘‘पालकांना माहीत असावं’’ म्हणून एखाद्यानं चांगल्या मनानं सांगितलेलं पोराला घरातून बाहेर काढायला पुरतं. कुणाला, कधी, किती सांगायचं हे त्याच्या हातात राहू द्या. आपण ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला रोजच्यासारखा टाळ हातात द्यायचा.

पंढरपूरच्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ला उपोषण सुरू केलं. दहा दिवस चाललं ते. तेव्हाही म्हणणारे म्हणाले होते की देव बाटेल, परंपरा मोडेल. दार उघडलं. आज त्या दारातून जाताना आपल्यापैकी कुणाच्या मनात तरी येतं का की ते बंद असायला हवं होतं? आपल्याला तर कुणाचं उपोषणही नको आहे. दिंडीची यादी करताना एक नाव खोडू नका, एवढंच आहे.

तो मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. बऱ्याच वर्षांनी गेल्या वर्षी त्याचा फोन आला. मी माफी मागायला लागलो तर त्यानं विषय बदलला. म्हणाला, ‘‘गुरुजी, कणिक कोण लावतं आता?’’ मीच लावतो, म्हटलं. थोडा वेळ गप्प राहून त्यानं विचारलं, ‘‘उंदीर नाही ना लागले पुडीला?’’ तो आता भजनाला कुठंच जात नाही. आषाढीला पंढरपूरला येतो, कळसाचं दर्शन घेतो आणि परत जातो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून रात्री.

कार्तिकीच्या दिंडीची तयारी आता सुरू होईल. त्याच्या बैठकीत हा विषय घ्या, जे काही ठरेल ते तोंडी न ठेवता दिंडीच्या नियमांत लिहा. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे पत्र वाचून दाखवलं. दोघं मध्येच उठून गेले. पोळ्यांचं बोलले होते ते टाळकरी शेवटपर्यंत बसून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी माझ्याबरोबर सतरंजी गुंडाळली आणि विचारलं, ‘‘नंबर आहे का त्याचा?’’ मी अजून दिलेला नाही. आधी त्याला विचारतो.

आपला,
एक मृदंग वाजवणारा,
सोलापूर